नाम्पुलाला निघण्यापूर्वी : गोळी कोणती, कोणी आणि कधीपर्यंत?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी म्हार्दोळची, वय ६४, निवृत्त शिक्षिका. आमची मुलगी आणि जावई गेली चार वर्षे मोझांबिकमधील नाम्पुला शहरात राहतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलीचे बाळंतपण आहे, म्हणून मी ५ डिसेंबरला निघून २५ जानेवारीला परतणार आहे. यजमान (वय ७२) आणि मुलाची सहा वर्षांची मुलगी नाताळच्या सुट्टीत, २० डिसेंबर ते १० जानेवारी, तिकडे येतील. मलेरियाच्या गोळ्यांवरून घरात चार मते झाली आहेत. यजमान म्हणतात, गोव्यात जन्मभर डास चावले, आता काय नवीन होणार? जावई म्हणतात, तिकडे कोणी गोळ्या घेत नाही, ताप आला की चाचणी करायची आणि औषध घ्यायचे. फार्मसीवाल्याने आठवड्याला एकदा क्लोरोक्विन घ्यायला सांगितले आणि शेजारच्या वहिनींनी होमिओपॅथीची बाटली आणून दिली. यजमानांच्या हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन चालू आहे. मला आम्लपित्ताचा त्रास आहे, हाडांसाठी कॅल्शियम आणि गेली तीन वर्षे नैराश्यावरची एक गोळी घेते. कोणाचे ऐकावे? शिवाय घरातली जुनी मच्छरदाणी नेऊ का? जावई म्हणतात तिथे मिळते.
— एक आजी, म्हार्दोळ

उत्तर : ताई, या चारपैकी एकही मत जसेच्या तसे स्वीकारण्यासारखे नाही. जावयांच्या बोलण्यात मात्र अर्धे तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. तुम्ही तिघांनीही प्रतिबंधक गोळ्या घेतल्याच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न उरतो तो कोणी कोणती घ्यावी याचा, आणि तुमच्या घरात त्याचे उत्तर तिघांसाठी तीन प्रकारचे येणार आहे. तुम्ही ऑक्टोबरातच पत्र लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण यजमानांची तयारी निघण्याच्या तीन आठवडे आधी सुरू करावी लागेल.

आधी यजमानांचे म्हणणे पाहू, कारण हा युक्तिवाद मी गोव्यातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकला आहे. गोव्याला हिवताप नवा नाही, हे खरेच आहे. जुने गोवे हळूहळू ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, त्यामागे तिथल्या तापांच्या साथींचा मोठा वाटा होता. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून किनारपट्टीवर बांधकामे वाढली, स्लॅबवर साचवून ठेवलेल्या पाण्यात आणि उघड्या टाक्यांत डास वाढले आणि पणजीपासून कांदोळीपर्यंत मलेरियाने बरीच वर्षे ठाण मांडले. बांधकामावरच्या मजुरांना रक्त तपासून आरोग्यपत्र देण्याची पद्धत आपल्याकडे आली ती त्याच काळात. परंतु त्या दिवसांत आपल्याकडे ज्यांना हुडहुडी भरली त्यांतल्या बहुतेकांच्या रक्तात व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी होता. तो माणसाला पिळून काढतो, यकृतात दडून बसून महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो, पण जीव क्वचितच घेतो. आज तर गोव्यात हिवतापाचे स्थानिक रुग्ण अगदी थोडे राहिले आहेत. याचा अर्थ असा की यजमानांना गेल्या अनेक वर्षांत चावलेल्या हजारो डासांपैकी जवळजवळ एकाही डासाच्या लाळेत परजीवी नव्हता, आणि नुसत्या डासाच्या चाव्याने मलेरियाविरुद्धची प्रतिकारशक्ती येत नाही.

मोझांबिकमध्ये गाठ पडते ती फाल्सिपेरमशी. या जातीचा परजीवी तांबड्या पेशींत वाढतो तेव्हा त्या पेशी चिकट होऊन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसतात. मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या की माणूस बेशुद्ध होतो, मूत्रपिंडाच्या तुंबल्या की लघवी थांबते, आणि साधा वाटणारा ताप दोन-तीन दिवसांत इथवर येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे २६ कोटींहून अधिक रुग्ण झाले आणि सुमारे ५,९७,००० माणसे दगावली. त्यांतले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले होते. मोझांबिक हा सर्वाधिक भार असलेल्या देशांपैकी एक आहे. त्यातही राजधानी मापुतोच्या मानाने नाम्पुला आणि झांबेझिया हे प्रांत अधिक ग्रासलेले आहेत, आणि तुम्ही जाता आहात ते महिने ऐन पावसाचे आहेत. आपल्याकडे जे श्रावणात होते ते तिथे डिसेंबर-जानेवारीत होते, हे तिकीट काढताना आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

आता जावयांचे मत. ज्यांचा जन्म तिथला आहे आणि लहानपणापासून ज्यांना वारंवार मलेरिया झाला आहे, अशा प्रौढांमध्ये अंशतः प्रतिकारशक्ती तयार होते, त्यामुळे त्यांना रोग झाला तरी तो सौम्य राहण्याची शक्यता अधिक असते. ती शक्ती मिळवताना तिथली असंख्य मुले पाच वर्षांची व्हायच्या आतच जातात. नोकरीसाठी चार वर्षे राहिलेल्या फोंड्याच्या माणसाला ती मिळत नाही, आणि उतरून तीन दिवस झालेल्या सासूबाईंना तर नाहीच नाही. ‘तिकडे कोणी घेत नाही’ हे वाक्य त्यांच्या कचेरीतल्या स्थानिक सहकाऱ्यांना लागू असेल. पाहुण्यांना लागू नाही. परदेशी मलेरिया घेऊन परतणाऱ्यांमध्ये नातेवाइकांकडे राहायला गेलेल्यांचा भरणा सर्वत्र मोठा दिसतो. हॉटेलात उतरणारा प्रवासी घाबरून गोळ्या घेतो. लेकीच्या घरी उतरणारा ‘घरच आपले’ म्हणून घेत नाही. जावयांचे बरोबर असलेले अर्धे वाक्य म्हणजे ताप आला की ताबडतोब चाचणी. ते गोळ्या घेणाऱ्यांनाही लागू आहे, कारण कोणतीही गोळी शंभर टक्के संरक्षण देत नाही.

फार्मसीवाल्याची क्लोरोक्विन मात्र सरळ परत करा. एके काळी तो सल्ला योग्य होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम आढळला आणि पुढच्या काही वर्षांत तो खंडभर पसरला. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या प्रवाशाला ती एकटी देणे म्हणजे दाराला कडी न लावता नुसता पडदा ओढून झोपणे आहे. होमिओपॅथीच्या बाटलीबद्दल वहिनींशी वाद घालू नका, त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु त्या गोळ्यांनी मलेरिया टळतो याला पुरावा नाही. त्या घेणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजून खरी गोळी घेत नाही, हा त्यांचा खरा धोका. लसूण आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी डास दूर राहतात, या समजुतीलाही हेच उत्तर आहे. लशीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी सांगेलच : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ ही मलेरियाची लस मलेरियाग्रस्त भागात राहणाऱ्या लहान बालकांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही.

गोळ्या निवडण्यापूर्वी त्या शरीरात काय करतात हे थोडे समजून घ्या, कारण बहुतेकांची चूक निवडीत होत नाही, थांबवण्यात होते. डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात जातो, तिथे साधारण एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त काळ, वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन या गोळ्या त्याला मुख्यतः रक्तात उतरल्यावर गाठतात. म्हणजे निघायच्या आदल्या रात्री डास चावला असेल, तर त्यातला परजीवी तुम्ही म्हार्दोळला पोचून देवीच्या दर्शनाला जाऊन आल्यावर रक्तात उतरणार, आणि त्या दिवशी गोळी रक्तात असायला हवी. म्हणून या दोन्ही औषधांचा क्रम परतल्यानंतर चार आठवडे चालू ठेवावा लागतो. अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल ही जोडगोळी यकृतातल्या अवस्थेवरही काम करते, त्यामुळे ती परतल्यानंतर सात दिवसांनी थांबवता येते.

काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या तोंडावर सासष्टीतला एक तार्वटी माझ्याकडे आला होता. चाळिशीचा, धडधाकट, मालवाहू जहाजावर इंजिनात काम करणारा. दोन दिवस ताप, डोके ठणकत होते. डेंगीचे दिवस होते, म्हणून मी डेंगीची चाचणी आणि पॅरासिटामॉल लिहून दिले आणि तो कुठून आला हे विचारले नाही. चौथ्या दिवशी त्याच्या भावाने त्याला धरून आणले तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि तो बायकोला ओळखत नव्हता. तेव्हा मी विचारले. अकरा दिवसांपूर्वी तो आफ्रिकेतल्या अंगोलाच्या राजधानीहून, लुआंडाहून, येऊन उतरला होता. भावाने त्याच्या पाकिटातून डॉक्सिसायक्लिनची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहापैकी दोन कप्पे फोडलेले, आठ गोळ्या जागच्या जागी. जहाजावर त्याने गोळी एकदाही चुकवली नव्हती. घरी आल्यावर ‘आता कसला मलेरिया’ म्हणून दुसऱ्या दिवसापासून सोडली. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) नेऊन आर्टेसुनेटची इंजेक्शने दिल्यावर तो वाचला, चतुर्थी अतिदक्षता विभागात गेली. त्या पट्टीतल्या आठ गोळ्या आणि माझा न विचारलेला प्रश्न, दोन्ही मला अजून आठवतात.

आता तुमच्यासाठी. आपल्या मलेरियाविषयक राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी डॉक्सिसायक्लिन आणि त्याहून लांब मुक्कामासाठी मेफ्लोक्विन असा सर्वसाधारण नियम आहे. तुमचा मुक्काम सात आठवड्यांच्या वर जातो, तेव्हा नियम पाहून एखादा डॉक्टर तुम्हाला आठवड्याला एक मेफ्लोक्विन लिहून देईल. ती तुम्ही घेऊ नये. मेफ्लोक्विनमुळे काही जणांना भयानक स्वप्ने, अस्वस्थता, नैराश्य असा त्रास होतो, आणि ज्यांना आधीच नैराश्याचा विकार आहे किंवा होऊन गेला आहे त्यांना ती देत नाहीत. नैराश्यावरची गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आपल्याकडे बायका मधुमेह मोठ्याने सांगतात आणि ही गोळी पर्समध्ये लपवतात, म्हणून मुद्दाम लिहितो. आणि प्रवासाच्या गडबडीत ती गोळी मनाने बंद करू नका.

तुमच्यासाठी माझा कल १०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनकडे आहे, रोज एक. इतर देशांत प्रवाशांना आणि सैनिकांना ती कित्येक महिने दिली जाते, तेव्हा सात आठवड्यांची भीती नको. ती स्वस्त आहे आणि इथे कुठेही मिळते. प्रवासाच्या दोन दिवस आधी सुरू करायची, तिथले ५२ दिवस आणि परतल्यावर २८ दिवस, अशा ८२ गोळ्या होतात. हरवल्या-सांडल्याचा विचार करून ९० घ्या आणि सगळ्या इथूनच घ्या, कारण आफ्रिकेतल्या बाजारात बनावट औषधांचा उपद्रव मोठा आहे. घरच्या कालनिर्णयात २२ फेब्रुवारीच्या चौकोनावर आत्ताच खूण करा, तो तुमच्या शेवटच्या गोळीचा दिवस.

तुमच्या आम्लपित्तामुळे ही गोळी घेण्याची पद्धत मात्र कडक पाळावी लागेल. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, आणि ती जळजळ काय असते हे आम्लपित्त असलेल्या माणसाला सांगायला नको. जेवणानंतर, बसून, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास आडवे व्हायचे नाही. झोपताना घोटभर पाण्याबरोबर मुळीच नाही. दुधाबरोबर घेऊ नका, आणि कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्तावरचे पातळ औषध यांत व गोळीत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर ती पोटातच बांधली जाऊन रक्तात पोचत नाही. सोपा हिशेब असा की डॉक्सिसायक्लिन सकाळच्या न्याहारीनंतर आणि कॅल्शियम रात्री. या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा मोझांबिक बेटाची सहल ठरलीच तर टोपी आणि लांब बाह्या लागतील. प्रवासाच्या दोन दिवस आधी ती सुरू करायचीच, पण त्यापूर्वी नोव्हेंबरात चार दिवस घेऊन पाहा. सोसली नाही तर अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिलकडे वळायला वेळ राहील. ती महाग पडते, इतकाच तिचा तुमच्या बाबतीतला दोष.

यजमानांच्या बाबतीत मी नाव लिहून देण्याचे टाळतो आणि का ते सांगतो. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असल्यामुळे मेफ्लोक्विन त्यांनाही नको. उरलेली दोन्ही औषधे वॉर्फरिनचा प्रभाव वाढवू शकतात, म्हणजे रक्त गरजेपेक्षा पातळ होऊन हिरड्यांतून, लघवीतून किंवा अधिक वाईट ठिकाणी रक्तस्राव होण्याची भीती असते. याचा अर्थ गोळी घेऊ नये असा नाही. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे १ डिसेंबरच्या सुमारास सुरू करावी, आठवड्याने आणि पुन्हा निघण्यापूर्वी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावा, वॉर्फरिनची मात्रा लागल्यास बदलावी आणि आकडा स्थिर झाल्यावरच विमानात बसावे. परतल्यावर प्रतिबंधक गोळी थांबेल तेव्हा हाच हिशेब उलटा फिरेल, म्हणून तेव्हाही आयएनआर तपासायला हवा. सोबत क्रिएटिनिनही पाहून घ्यावे, कारण मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावले असेल तर अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल देता येत नाही. तुम्ही ५ तारखेला निघून गेलेल्या असाल, तेव्हा या तपासण्यांची जबाबदारी मुलाकडे लेखी सोपवा. यजमान आपणहून रक्त द्यायला जातील असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही.

नातीला डॉक्सिसायक्लिन चालत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, वाढत्या दातांवर कायमचे डाग पडण्याची भीती असते. तिच्यासाठी अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिलच्या मुलांच्या गोळ्या उत्तम. मुक्काम २२ दिवसांचा आणि परतल्यावर सातच दिवस, एवढे मूल सोसू शकते. मात्रा वयावर नसते, वजनावर असते. २० किलोपर्यंत रोज मुलांची एक गोळी आणि त्यावर ३० किलोपर्यंत दोन, आणि सहा वर्षांची मुले नेमकी याच सीमेवर घुटमळतात. तेव्हा शाळेच्या कार्डावरचे जूनमधले वजन धरू नका, निघण्याच्या आधी काट्यावर उभी करा. ही गोळी दुधाबरोबर किंवा तुपाच्या जेवणाबरोबर दिली तर नीट शोषली जाते. म्हणजे आजीची गोळी दुधाशिवाय आणि नातीची दुधाबरोबर. एका डब्यात ठेवू नका. पणजी-मडगावच्या प्रत्येक फार्मसीत ती तयार असेल असे धरून चालू नका, चिठ्ठी मिळताच मागणी नोंदवा. ती मिळालीच नाही तर वजनाप्रमाणे मेफ्लोक्विन हा पर्याय उरतो, पण ती निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून द्यावी लागते.

एक गोष्ट न विचारता सांगतो. सहा वर्षांच्या मुलीला ऐन पावसात, घरात नवे बाळ असताना तिकडे नेण्याची घाई आहे का, याचा मुलाने आणि सुनेने पुन्हा विचार करावा. जून-जुलैनंतरच्या कोरड्या दिवसांत धोका संपत नाही, पण उतरतो. नेणारच असाल तर गोळ्यांसह न्या. नेऊ नका असे सांगण्याचा अधिकार माझा नाही.

तुमच्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे, कारण ती तिथली रहिवासी आहे. गरोदरपणात मलेरिया अधिक वेळा आणि अधिक जोराने होतो, आईच्या अंगातले रक्त उतरते आणि बाळ कमी वजनाचे जन्मते किंवा दगावते. तिथल्या प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत गरोदर स्त्रियांना दुसऱ्या तिमाहीपासून सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची मात्रा ठरावीक अंतराने दिली जाते आणि औषध लावलेली मच्छरदाणी मिळते. खासगी डॉक्टरांकडे जात असल्यामुळे हे राहून तर गेले नाही ना, हे तिला आजच फोन करून विचारा. तुमची डॉक्सिसायक्लिन तिला एक दिवसही देऊ नका, गरोदरपणात ती वर्ज्य आहे.

मलेरियाचा अ‍ॅनॉफिलिस डास सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावतो, आणि आपल्या बाळंतपणाच्या घरातली निम्मी कामे नेमकी त्याच वेळात होतात. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी दारे-खिडक्या मिटा, तुम्ही स्वतः पूर्ण बाह्यांचा पोशाख आणि मोजे घाला, उघड्या राहिलेल्या अंगाला २० ते ५० टक्के डीट (डास दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम किंवा फवारा लावा. घरात नेहमी वापरतो त्या मलमाच्या वेष्टनावर घटक आणि टक्केवारी वाचून पाहा, अनेकदा ती याहून कमी असते आणि दोन तासांत उतरते. नवजात बाळाला डीट लावायचे नाही. त्याचे संरक्षण मच्छरदाणीनेच. आणि ओवा-बाळंतशेपेची धुरी तुम्ही करणारच, हे मी गृहीत धरतो. तिच्या धुराने डास मरतात असे समजून मच्छरदाणी सोडू नका, आणि बाळाच्या नाकाशी तो धूर कोंडू देऊ नका.

तिथे असताना किंवा परतल्यावर अंगात ताप आला तर तो अंगावर काढायचा नाही, ‘हवा बदलली’ म्हणून दोन दिवस वाट पाहायची नाही. पोचल्यानंतर सात दिवस उलटून गेल्यावर येणारा प्रत्येक ताप चाचणीने सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजावा. त्याच दिवशी रक्ताची काचपट्टी किंवा झटपट चाचणी करून घ्या; ती नकारात्मक आली आणि ताप राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा, अशी तीनदा. पहिली चाचणी नकारात्मक आली म्हणून घरी झोपून राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. फाल्सिपेरमचा ताप बहुधा परतल्यानंतरच्या महिन्याभरात, फार तर तीन महिन्यांत येतो, म्हणजे तुमच्यासाठी एप्रिल संपेपर्यंत सावध राहायचे. इतर काही जातींचा परजीवी यकृतात लपून वर्षभरानेही उठतो आणि त्याला या गोळ्यांपैकी कोणतीही तिथून हुसकावत नाही. गोमेकॉत जा की घराजवळच्या आरोग्य केंद्रात, केसपेपर काढतानाच पहिले वाक्य हे बोला : ‘मी मोझांबिकहून अमुक तारखेला आले.’ डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. मी विचारले नव्हते. यजमानांना ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी, विशेषतः अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, वॉर्फरिनमुळे देऊ नका.

विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या प्रमाणपत्राची चौकशी विमान कंपनीकडे आणि मुरगावच्या पोर्ट हेल्थ कार्यालयात तिकीट पक्के करण्यापूर्वीच करा. मोझांबिकमध्ये तो रोग नाही, पण मधल्या देशांमुळे परतताना आपल्या विमानतळावर अडचण येऊ शकते. ती लस साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना क्वचित गंभीर त्रास देते, म्हणून तुम्हा दोघांसाठी लस घेण्यापेक्षा मार्ग बदलता येतो का ते आधी पाहा.

राहिली मच्छरदाणी. जावई म्हणतात ते खरे, तिथे मिळते, आणि कीटकनाशक लावलेलीच मिळते. मोठ्या पलंगासाठी तीच वापरा. घरातली जुनी सुती मच्छरदाणी जड असते, वारा अडवते, आणि त्या उकाड्यात तुम्ही ती मध्यरात्री वर गुंडाळून ठेवाल. पण पाळण्यासाठी लहान घडीची मच्छरदाणी इथूनच घेऊन जा. दुकानातच ती उघडून, कडेची शिवण उजेडाकडे धरून पाहा आणि खालचा काठ गादीखाली चारही बाजूंनी खोचता येईल एवढा लांब आहे ना, हे हाताने मोजा. बाजारात मिळणाऱ्या अर्ध्याअधिक मच्छरदाण्या वीतभर आखूड असतात.